मागच्या खोलीतली कृपाण

३ फेब्रुवारी

ती. दादास,
धाकटीचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

इकडे सर्व खुशाल, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिलं. खुशाल काही नाही. वर्षभर रिकामी पडलेली मागची खोली मी अखेर दिली. भाडेकरीण लहान मुलांची दातांची डॉक्टर आहे. शीख आहे, डोक्याला निळी पगडी बांधते. अंगाने छडीसारखी, बोलायला लोण्यासारखी. आल्या दिवशी माझी गळकी तोटी दुरुस्त केली, गादी उलटून दिली, मला मावशी म्हणाली. म्हटलं, चला, देवाने बघितलं एकदाचं माझ्याकडे.

दुसऱ्या दिवशी ती दोरीवर कपडे घालत होती. वाऱ्याने कोट उडाला, तर आत खांद्यावरून कमरेपर्यंत आडवा काळा पट्टा, पट्ट्याला म्यान आणि म्यानात वीतभर कट्यार! माझ्या हातातली बादली खाली आली ती थेट माझ्याच पायावर.

विचारलं, तर तिने सरळ सांगितलं. तिने अमृत घेतलंय, म्हणजे त्यांची दीक्षा. तेव्हापासून पाच वस्तू कायम अंगावर असतात, त्यातली ही कृपाण. मी म्हटलं, बाहेर जाताना घाल बाई, घरात असलीस की माझ्या कपाटात ठेव, किल्ली मी जिवापलीकडे जपेन. तर म्हणते, मावशी, ती अंगावेगळी होत नाही, अंघोळीलासुद्धा नाही. दादा, तिच्या आणि माझ्या खोलीत एकच दार आहे रे! मी काल सुताराकडून त्याला माझ्या बाजूने नवी कडी ठोकून घेतली. मेला गालात हसत होता.

तिला एका महिन्याच्या बोलीवर ठेवलंय. ह्याआधी तीन घरांनी तिला ह्याच कारणासाठी घालवलं. चौथं माझं व्हावं असं वाटत नाही, पण छाती धडधडते त्याला काय करू? म्हणून तुला गळ घालते. जन्मभर तू धार लावलीस, एकदा काढता नाही येणार? ती दर रविवारी तुमच्या गावच्या गुरुद्वाऱ्यात येते. माझ्या सुऱ्या तिच्या हाती तुझ्या दुकानी पाठवते. बोलता बोलता तिचीही घे आणि गुपचूप बोथट करून टाक. बोथट झाली तर पोर राहील. नाही झाली, तर महिनाअखेर तिला जा म्हणावं लागेल.

पत्र वाचून फाडून टाक. लोभ आहेच, तो ह्या कामात दिसू दे.
तुझी चिमी

८ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद, वि. वि.

पत्र फाडलं नाही. तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. हसता हसता तिला ठसका लागला, पाठीत चार धपाटे घालावे लागले. तेवढंच मला समाधान.

आता थोरला म्हणून दोन गोष्टी सांगतो, राग मानू नकोस. तुझे यजमान गेल्याला अकरा वर्षं झाली. त्या दिवसापासून तू उशीखाली लोखंडी बत्ता घेऊन झोपतेस. गेल्या खेपेला दुपारचा तुझ्या पलंगावर टेकलो, तर टाळक्याला हे एवढं टेंगूळ आलं. न्हाव्याने विचारलं, तर दारावर आपटलो म्हणून सांगितलं, तुझी अब्रू राखली. ज्या बाईच्या उशीखाली बत्ता, तिने दुसरीच्या कमरेकडे बोट दाखवावं म्हणजे कमाल झाली! शिवाय ती पोर दिवसभर लेकरांच्या तोंडात टोकदार हत्यारं घालते आणि आया रांगा लावून लेकरं आणतात. त्यांना भीती नाही, आणि तुझ्या तोंडात सहा दात उरलेत, तुला भीती!

दुसरी गोष्ट धंद्याची. पन्नास वर्षं हे सहाणेचं चाक फिरवतोय. शिंपी आले, कसाई आले, माळी आले, सगळ्यांची हत्यारं पाजवली. धार मोडून दे म्हणणारं गिऱ्हाईक तूच पहिली. आचाऱ्याने जेवणात मुद्दाम मीठ विसरावं तसं हे. पण लहानपणी तुझ्यासाठी मास्तरांची छडी मी विहिरीत टाकली होती, तेव्हा हे पापही माझ्याच माथी. पाठव तिला.

वहिनी म्हणते, पायाला हळद लाव. लोभ असावा, धाक नसावा.
तुझा दादा

१५ फेब्रुवारी, रविवार

ती. दादास,
सा. न.

पत्र आणणारी तीच. सोबत चार सुऱ्या आणि शिवणाची कात्री. सुऱ्यांना धार लाव. सहाव्या वस्तूचं तुला ठाऊक आहे. पाकिटाला डिंक जरा जास्तच लावलाय, चाकूने उघड.
चिमी

१६ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

काल तुझी माणसं आली, म्हणजे चार सुऱ्या, एक कात्री आणि एक पोर. पाकीट उघडायला मला पाच मिनिटं लागली. ती तेवढा वेळ शांतपणे माझ्या चाकाकडे बघत उभी होती. मला मामा म्हणाली. चिमे, इथेच माझा निम्मा निकाल लागला.

तुझ्या सुऱ्या पाजवून झाल्या. मग मी अगदी सहज दाखवत म्हटलं, तुझंही काही असेल तर दे, लगे हाथ करून टाकतो. ती म्हणाली, द्यायचं तर नाही मामा, पण करायचं आहे. तिची कृपाण कुणी घेतच नाही म्हणे. एका धारवाल्याने बघून शटर ओढलं. दुसरा म्हणाला, ठेवून जा, उद्या ने. ती तर ठेवून जाऊ शकत नाही. शेवटी असं ठरलं, की मी चाक फिरवायचं आणि पातं तिने स्वतःच्या हातात धरायचं. पन्नास वर्षांत माझ्या सहाणेवर दुसऱ्याचा हात कधी टेकला नव्हता.

मी पायाने चाक सुरू केलं आणि तुझं काम आठवून तिला म्हटलं, अशी उभी धर, अगदी सरळ. तिने धरली. मग हळूच म्हणाली, मामा, असं धरून धार येत नाही, जाते. अगं, दातांची हत्यारं ही पोर रोज सकाळी स्वतः दगडावर घासते! कोन कसा धरायचा हे मला शिकवायला निघाली, आणि तिचं बरोबर होतं. माझा पाय चाकावरच थिजला. चोरी पकडलेल्या पोरासारखं मी पाकिटाकडे बघितलं, तिनेही पाकिटाकडे बघितलं आणि ती फिसकन हसली. इतका डिंक बघून तिला गाडीतच शंका आली होती.

मग मी सगळं कबूल केलं. ती रागावली नाही. म्हणाली, आधीच्या तिघांनी मला घालवलं, मावशींनी निदान धार घालवायचा विचार केला. मी विचारलं, बाई, ही धरायची तरी कशासाठी? तिने सांगितलं, की ही कुणाला भिववायला नाही. समोर दुबळ्यावर जुलूम होत असेल, तर आपण बघत उभं राहायचं नाही, ह्याची आठवण म्हणून ती अंगावर असते. रागाच्या भरात तिला हात लावायचा नाही. बाकी सगळे उपाय थकले, तरच.

आता खरी गंमत ऐक. मी पात्यावर अंगठा फिरवला, तर धार जायला मुळात होती कुठे? घडवल्यापासून कुणी पाजवलेलीच नाही. तुझ्या उशीचा अभ्रासुद्धा कापला नसता. तू ह्या बोथट लोखंडासाठी दाराला कडी ठोकलीस.

इथे थांबलो असतो, तर सगळं तुझ्या मनासारखं झालं असतं. पण इतकं चांगलं पोलाद बोथट बघून माझा हात शिवशिवायला लागला. राहवलं नाही गं. तिने धरली, मी फिरवली, अर्ध्या तासात अशी धार आली की केस उभा चिरावा. हात काय स्थिर आहे पोरीचा!

तेव्हा तू सांगितलंस त्याच्या नेमकं उलटं झालंय. दोष माझा. महिनाअखेर कुणाला घालवायचंच असेल, तर मला भाऊ म्हणणं सोड, तिला खोली सोडायला लावू नकोस. आणि निघताना तिने एकच मागितलं, की मला कळलंय हे मावशींना सांगू नका, त्यांना अवघडल्यासारखं होईल. म्हणून सांगतोय.

वहिनीचा आशीर्वाद. लोभ राहिला असेल तर कळव.
तुझा दादा

२८ फेब्रुवारी

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून तीन दिवस तुझं नाव घेतलं नाही. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हाच. दाराला दुसरी कडी ठोकायला सुताराला निरोपही धाडला होता. तो यायच्या आधी बुधवार आला.

बुधवारी सकाळी पाणी गाळायचं यंत्र विकणारा आला. मी नको म्हटलं. त्याने उंबऱ्यात बूट रोवला. पुन्हा नको म्हटलं, तर आत येऊन ओट्यापर्यंत पोचला आणि माझ्या नळाला हात घातला. तेवढ्यात ती दवाखान्यात जायला निघालेली मागच्या खोलीतून आली. त्याच्या आणि माझ्या मधे उभी राहिली, दोन्ही हात समोर जोडलेले, कोटाची बटणं लावलेली. इतकंच म्हणाली, की मावशी नको म्हणाल्यात, तेवढं पुरे. तो तिच्या पगडीवरून काहीबाही बोलला. ती जागची हलली नाही आणि आवाजही चढवला नाही.

आणि मी काय केलं? आत धावले, बत्ता घेतला आणि उगारून बाहेर आले! तो असा पळाला की त्याचा एक बूट अजून आमच्या दारात आहे.

तिने माझं मनगट धरून बत्ता हळूच काढून घेतला, मला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं आणि मग पोट धरून हसायला लागली. म्हणाली, माझ्या शस्त्राला म्यान आहे, पट्टा आहे, नियम आहेत. तुमच्या बत्त्याला तर काहीच नाही मावशी. सगळे उपाय थकल्यावर म्हणतात, तुम्ही तर पहिल्याच उपायाला उगारलात.

आणि ऐक. आल्या दिवशी गादी उलटताना तिने तो बत्ता बघितला होता. कुठल्या बाईच्या घरात येऊन पडले, म्हणून घाबरून दुसऱ्याच दिवशी तिने मधल्या दाराला तिच्या बाजूने कडी लावून घेतली. सुतार तोच! आता कळलं मेला का हसत होता. महिनाभर आम्ही दोघी एकाच दाराच्या दोन बाजूंना जीव मुठीत धरून झोपत होतो.

काल दोघींनी मिळून दोन्ही कड्या काढल्या. स्क्रू तिने फिरवले, दातांसारखे अलगद निघाले. महिन्याची बोली संपली. मी म्हटलं, आता तुझं घर, माझ्या हातून तुला चौथा उंबरठा ओलांडावा लागणार नाही. ती डोळे पुसत माझी दाढ बघायला बसली. भोकं बुजवायला सुताराला बोलावणार नाही, तू ये. येताना तो बूट कुणाच्या मापाचा होतो ते बघ.

अकरा वर्षांनी बत्ता परत खलात गेला, आज सकाळी त्याने मिरी कुटली. पण दादा, उशीखाली काही टणक असल्याशिवाय माझा डोळा लागत नाही. म्हणून तूर्त तुझ्या पत्रांचा गठ्ठा ठेवलाय. तीही काही कमी लागत नाहीत. तेव्हा लिहीत जा.

तुझी चिमी