माझी गाठ, त्यांची फाइल

ती. ताईस,

गुडघा वाकत नसल्यामुळे उभ्यानेच साष्टांग नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? भावोजी ऐकू येण्याचं यंत्र कानात घालतात की अजून खिशातच ठेवतात? इकडे सगळे मजेत आहेत, म्हणजे मी सोडून सगळे.

मानेवरच्या गाठीचा तुकडा तपासायला पाठवल्याचं तुला कळवलंच होतं. रिपोर्ट येऊन महिना झाला. डॉक्टरांनी तो माझ्यासमोर वाचला (मनातल्या मनात!) आणि काय आहे विचारल्यावर म्हणाले, "काका, तुम्ही कशाला डोक्याला ताप करून घेता? आम्ही आहोत ना." फाइल मिटली. अगं, गाठ माझी, सुई खुपसल्यावर ओरडलो तो मी, आणि माहिती तेवढी यांची! चाळीस वर्षं मी घड्याळं दुरुस्त करतोय. मागचं झाकण उघडून, गिऱ्हाइकाच्या डोळ्याला भिंग लावून, कुठलं चाक झिजलंय ते दाखवल्याशिवाय मी पुढे हात लावत नाही. घड्याळाच्या मालकाला जो मान मिळतो, तो मानेच्या मालकाला मिळू नये?

मग नक्कल मागायला रेकॉर्डच्या खिडकीवर गेलो. तिथल्या बाईंनी विचारलं, "पेशंटशी नातं काय?" म्हटलं, "जन्मापासूनचं." त्या हसल्या नाहीत. फॉर्मवर पती, मुलगा, भाऊ, वकील सगळे होते, 'स्वतः' तेवढं नव्हतं. शेवटी 'इतर'वर खूण केली (स्वतःच्या मानेचा मी इतर!), तर 'इतरांना माहिती देता येत नाही' असा शेरा मारून अर्ज परत. मी त्यांना सांगितलं, माझ्या बहिणीच्या देशात रिपोर्ट डॉक्टरच्या आधी तिच्या फोनवर येतो, आणि तिची लेक राहते तिथे तर फाइलीतली चूकसुद्धा पेशंट दुरुस्त करून घेतो. बाई म्हणाल्या, "मग तिकडेच आजारी पडायचं होतंत." ताई, तळपायाची आग मस्तकात गेली. सरहद्द ओलांडली की माणसाला जास्त अक्कल येते का गं?

तिथल्याच बाकावर बसून मोठ्या डॉक्टरांच्या नावे दोन पानी तक्रार लिहिली. बाकावरच्या अकरा जणांनी सह्या केल्या. एक आजी अंगठा उठवता उठवता म्हणाल्या, "मला पाच वर्षं गोळ्या देतायत, कशासाठी ते तेवढं यात विचार रे बाबा." विचारलं. सात फेऱ्या झाल्या, चपलेचा अंगठा तुटला, पण परवा खिडकीतून बंद पाकीट बाहेर सरकलं. आजींनाही त्यांची फाइल मिळाली. त्यांनी मला ती तीनदा मोठ्याने वाचायला लावली. जिंकलो आपण!

तुझा,
धाकटा

ता. क. पाकीट अजून उघडलेलं नाही. हात पुढे जातो आणि थांबतो. खरं सांगायचं तर याचसाठी पत्र लिहायला बसलो. पाकीट सोबत पाठवतो. तू वाच आणि फोन कर. वाईट असेल तर आधी हवापाण्याचं बोल, मी समजून घेईन.

ता. क. दुसरा. पाकीट पाठवत नाही. मी डिंक शोधत होतो, तेव्हा तुझी भावजय शांतपणे म्हणाली, "कशाला उगाच टपालखर्च? गाठ साधी आहे. डॉक्टरांनी मला महिन्यापूर्वीच सांगितलंय. तुम्हाला कळलं असतं तर भीतीने सोडलेली सिगारेट दुसऱ्याच दिवशी पुन्हा पेटवली असती. गप्प राहा म्हणून वन्संनीच सांगितलं." ताई, या महिन्यात मी धास्तीने मृत्युपत्र केलं आणि दुकानातलं लंबकाचं मोठं घड्याळ तुझ्या नावे लिहिलं. तुझं नाव आत्ताच खोडलंय. तिथे कुणाचं लिहिलं, ते तुला कळणार नाही.