एकशे बारा पानांचं माहितीपत्रक

२ मार्च
वृद्धनिवासात जायचं ठरलं. सही घेण्याआधी संस्थेने सगळं लेखी उघड करायचं, असा आपल्या पेनसिल्व्हेनियाचा कायदा. त्याप्रमाणे माहितीपत्रक आलं. एकशे बारा पानं. संकल्प: रोज वीस. चाळीस वर्षं विमा ऑफिसात गिऱ्हाइकांना मीच बजावत आलो, बाबांनो, वाचल्याशिवाय सही करू नका. बायकोचा, लोईसचा, प्रश्न एकच: तिचा पार्किन्सन वाढून तिला शुश्रूषा विभागात हलवलं, तर मला तिच्या खोलीत राहता येईल का? म्हटलं, वाचून सांगतो.

३ मार्च
मुखपृष्ठ वाचलं. कागद उत्तम.

४ मार्च
तीन पानं. मग दारातला बर्फ उपसला. पाठ धरली. अशा पाठीने वाचू नये.

६ मार्च
संस्थेत जेवण. भावी शेजाऱ्यांसमोर तिथल्या ऑफिसातल्या डेनिसबाईंनी विचारलं, माहितीपत्रक वाचलंत ना? म्हटलं, दोनदा. त्या म्हणाल्या, अहो मिस्टर स्टाउफर, इथे एकदा वाचणारा माणूसही मी अजून बघितला नाही! आता कोणत्या तोंडाने थांबणार? हसत सही केली. मागोमाग लोईसनेही. सात दिवसांत करार रद्द करता येतो. तेवढ्यात वाचून होईलच.
गाडीत लोईसने पुन्हा तेच विचारलं. म्हटलं, राहता येईल, तसं छापलंय. ती खिडकीबाहेर बघत राहिली. समाधान झालं असावं.

९ मार्च
भावी शेजारी हार्लनचा फोन. म्हणाला, तू जाणकार माणूस, जरा ते चौसष्टावं पान समजावून सांग की. म्हटलं, ते परिस्थितीवर अवलंबून असतं. त्याला पटलं.

१२ मार्च
चौसष्टावं पान उघडलं. शुश्रूषा विभागात एका खोलीत एकच रुग्ण. जोडीदाराने आपल्या फ्लॅटमध्येच राहायचं. कधी हलवायचं ते त्यांचा डॉक्टर ठरवणार.
लाज वाटली. लोईससमोर जेवायला बसवेना. करार रद्द करायला उद्या शेवटचा दिवस. सकाळी सांगतो.

१३ मार्च
सकाळी ती पडद्यांची मापं घेत होती. म्हटलं, जेवल्यावर सांगू. जेवल्यावर डोळा लागला. पाचला संस्थेचं ऑफिस बंद झालं.

१४ मार्च
सांगितलं, एकत्र राहता येणार नाही.
ती म्हणाली, माहितेय रे मर्ल. ते पान मी पहिल्याच दिवशी वाचलं. तुला विचारत होते ते एवढ्यासाठी, की तू म्हणावंस, नको जाऊया आपण. तर तू दोनदा वाचून हसत सही केलीस. म्हटलं, दमला असेल बिचारा माझं करून करून.
मी वाचलंच नव्हतं, एवढं म्हटलं असतं तरी तिच्या मनावरचा दगड उतरला असता. तोंड उघडलंही.
म्हणालो, तुझ्या सोयीसाठीच केली गं सही.
ती बरं म्हणाली.