माझूआईच्या अंगणातला पडदा

प्रिय यी-झेन,

तुझ्या गाण्याचा व्हिडिओ पूर्ण झाला. खरंच झाला, हसू नकोस. कॉलेज अर्ध्यावर सोडून मी आनपिंगला परत आलो, तेव्हा घरात माझ्याशी फक्त मांजर बोलायचं. तू मात्र म्हणालीस, "सोडायचं ते सोडलंस, आता माझं गाणं तरी शेवटापर्यंत ने." वर हातात कॅमेरा दिलास, तोही उसना. त्या एका वाक्यावर मी उभा आहे, हे तुला कधी सांगितलंच नाही.

देवळाच्या अंगणात चित्रीकरण करायचं म्हणून समुद्रदेवी माझूआईचा कौल घ्यायला गेलो, तो दिवस डोळ्यांपुढून हलत नाही. लाकडी चंद्रकोरींची ती जोडी मी टाकली, तर दोन्ही उताण्या पडल्या. म्हणजे आई हसली, होकार नाही. पुन्हा टाकली, पुन्हा हसली. मी भडकलो. "ही काय आमची निर्माती आहे का?" म्हणालो, आणि देवळाची झाडलोट-दिवाबत्ती बघणाऱ्या आ-श्यू मावशीने सगळ्यांसमोर माझा कान पिळला. "मेल्या, नाव-पत्ता सांगून मनातलं सगळं बोलावं लागतं. तू अर्धं पोटात ठेवतोस, मग ती हसणार नाही तर काय?" पोटात काय होतं ते मला माहीत होतं. पण तू शेजारीच उभी होतीस गं.

मग तू पुढे झालीस. नाव सांगितलंस, गल्ली सांगितलीस, आणि मोठ्याने म्हणालीस, "आई, हे माझं शेवटचं गाणं. यानंतर लग्न करून ह्वालिएनला जाणार. हे तेवढं नीट होऊ दे, तुझ्या अंगणात पडदा लावून तुलाच आधी दाखवीन." एक उताणी, एक पालथी. लागोपाठ तीनदा होकार. तुझं लग्न ठरलंय हे देवीला कळलं तेव्हाच मला कळलं.

चित्रीकरणाच्या दिवशी मी सगळ्यांवर ओरडत होतो, ते तुला आठवत असेलच. तरी कुणी गेलं नाही. बाहुल्यांच्या खेळवाल्या काकांनी आपल्या रंगमंचाचे दिवे आणून दिले, वर म्हणाले, "माझ्या बाहुल्या तुझ्यापेक्षा शहाण्या आहेत, निदान आदळआपट करत नाहीत." मावशीने माशाची पेज पाजली. आणि तू माझा एकेक आरडाओरडा गिळून पुन्हा पुन्हा गायलीस. आता तुकडे जोडताना दिसतं, त्या गाण्यात जे चांगलं आहे ते या सगळ्यांचं आहे.

माझूआईच्या वाढदिवसाला अंगणात पडदा लागणार आहे. मावशीने कडक सांगितलंय, "नवस ती बोलली, फेडायलाही तीच हवी." पण मावशीच हळूच म्हणाली, की तू ह्वालिएनहून यायला बिचकतेस, मी पुन्हा तमाशा करीन म्हणून. म्हणून हे पत्र. मला तू आवडतेस, यी-झेन. उताणं-पालथं काही न ठेवता सांगतोय, आणि याला उत्तर नको. तू ये, तुझ्या नवऱ्यालाही आण. तो चांगला उंच आहे म्हणे. पडद्याची वरची दोरी बांधायला आमच्यात कुणाचाच हात पोचत नाही.

न ओरडणारा (प्रयत्न चालू आहे), तुझाच
रुई-फंग