भात सोडावा की फिरावं

बिरसी
दि. २८ जुलै २०२४

चि. सौ. रुक्मा हिस,
दादाचा जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि. फोनवर मला आता नुसतं कुईकुई ऐकू येते, म्हणून कागद घेतला. ऑटोवाला ओमेश रोज गोंदियाला येतो, त्याच्या हाती देत आहे. उत्तर त्याच्याच हाती दे.

तुझ्या वहिनीला शुगर निघाली. तीनशे दहा. आकड्यातलं मला कळत नाही, पण डॉक्टरने चष्म्यावरून निर्मलाकडे पाहिलं तेव्हाच मी घाबरलो. सकाळ-संध्याकाळची गोळी दिली, खाणं सांभाळा आणि फिरत जा म्हणाला. यातलं मोठं कोणतं, ते विचारायचं राहिलं. मागे रांग होती.

मग मीच ठरवलं. आपले बाबा तिन्ही वेळ भात खाऊन ऐंशी वर्षं जगले, कारण पायी चालत होते. म्हणून मी तिला रोज विमानतळाच्या भिंतीपर्यंत नेतो. ती मागे पडते, मी पुढे जाऊन थांबतो. ती जरा टेकली तरी मला वाटते, काही झालं तर नाही ना. तुझं काय मत आहे ते लिही. मला मोठी धास्ती आहे.

लोभ आहे तसाच राहू दे.
तुझा दादा,
केवळराम

गोंदिया
दि. २ ऑगस्ट २०२४

ति. दादास,
रुक्माचा जयभीम. वि. वि. पत्र पोचलं. दादा, तू चौथी शिकला आणि डॉक्टर होऊन राहिला! वहिनीने चाळीस वर्षं चिखलात वाकून धानाची रोपं लावली, रोवणा केला, तो काय खाटेवर बसून केला? फिरण्याने शुगर जात असती तर तिला झालीच काऊन असती?

सारं खाण्यात आहे. मी भात सोडला, ज्वारीची भाकर धरली, माझी शुगर खाली आली. आमचे हे आधी तोंड वाकडं करत होते, आता गुपचूप खातात. वहिनीचा भात बंद कर. तुला भात पाहिजे म्हणून तिच्या माथी मारू नको. तुझा स्वभाव मला माहीत आहे, आमच्या लग्नातही पंगतीत पहिला तूच बसला होता.

धास्ती घेऊन तू आजारी पडू नको. वहिनीला माझा जयभीम सांग. रागावू नको, माया कमी करू नको.
तुझी,
रुक्मा

बिरसी
दि. १७ ऑगस्ट २०२४

चि. सौ. रुक्मा हिस,
आशीर्वाद. वि. वि. रागावलो होतो, म्हणून उत्तराला उशीर. पंगतीची गोष्ट काढायची गरज नव्हती.

तरी तुझं पत्र मी निर्मलाला वाचून दाखवलं. ती म्हणाली की दोघंही बरोबर आहात, आता मला भांडी घासू द्या.

परवा पौर्णिमा आहे. भंतेजींचा पावसाळ्यातला वर्षावास चालू आहे, म्हणून ती अष्टशील पाळणार. बारा वाजल्यानंतर अन्नाला शिवायचं नाही, हे तुला माहीतच आहे. विहारात भंतेजींचं भोजनदानही आमच्याकडे आहे. मी मनात म्हटलं, चला, रात्रीचा भात आपोआप बंद, रुक्माचं झालं. संध्याकाळी फिरून आणीन, माझंही होईल. तरी जीव थाऱ्यावर नाही. का ते सांगता येत नाही.

माया आहेच, ती तुटणार नाही.
दादा

बिरसी
दि. २३ ऑगस्ट २०२४

चि. सौ. रुक्मा हिस,
निर्मला आहे. हे पहिले लिहितो, म्हणजे पुढचं वाचताना तू घाबरणार नाही.

पौर्णिमेला संध्याकाळी तिने गोळी घेतली आणि आम्ही निघालो. भिंतीजवळ पोचायच्या आधी मी मागे पाहिलं तर ती रस्त्यातच खाली बसलेली. घामाने पांढरं लुगडं भिजलेलं. मला ओळखेना. ओमेशने ऑटोत घालून दवाखान्यात नेलं. शुगर एकदम उतरली होती.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, शेवटचं केव्हा जेवल्या? मी म्हटलं, दुपारी बाराच्या आत. काय खाल्लं? मी म्हटलं, भातच असेल. किती? त्यांनी परत विचारलं, तुम्ही पाहिलं का जेवताना? तिथे नर्सही उभी होती.

सलाईन अर्धी गेल्यावर निर्मला बोलली. त्या दिवशी तिने भंतेजींना वाढलं, मग मला, मग विहारातल्या बायांना. स्वतःचं ताट घेतलं तेव्हा बारा वाजून गेले होते. शील मोडू नये म्हणून तिने ताट परत ठेवलं. आदल्या रात्रीनंतर तिच्या पोटात दोन गोळ्या आणि पाणी, एवढंच गेलं होतं.

मी त्या पंगतीत दोनदा भात मागून घेतला होता, रुक्मा.
दादा

गोंदिया
दि. २५ ऑगस्ट २०२४

ति. दादास,
जयभीम. तुझं पत्र वाचून चूल तशीच ठेवली आणि लिहायला बसले. भात बंद कर, भात बंद कर, असं मीच लावून धरलं. वहिनी किती भात खाते हे मलाही कुठं माहीत होतं? तुझ्या घरी मी इतक्यांदा आले, तिने वाढलं, मी जेवले. तिला जेवताना कधी पाहिलं ते आठवून राहिले. आठवत नाही.

माझ्याही घरी मी मागूनच जेवते. पण माझी सून चेतना ओरडते, म्हणून निदान वेळेवर जेवते. वहिनीजवळ ओरडणारं कोणी नव्हतं.

मी पुढच्या रविवारी येते. तोवर तिला एकटी सोडू नको. माझ्यावरची माया सोडू नको, आणि तिची तर नाहीच.
रुक्मा

बिरसी
दि. ३० ऑगस्ट २०२४

चि. सौ. रुक्मा हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. रविवारी ये, वाट पाहतो.

डॉक्टरीणबाईंना मी या वेळी रांग असूनही विचारलं की खाणं मोठं की फिरणं. त्या म्हणाल्या, दोन्ही लागतं, पण आधी वेळेवर जेवू द्या. भातही बंद केला नाही, कमी केला. भंतेजी घरी येऊन म्हणाले की आजारी माणसाने औषधासाठी खाल्लं तर शील मोडत नाही, विचारायचं होतं. विचारणार कोण? ती उपाशी आहे हे मला तर माहीतच नव्हतं.

आता मी तिच्यासोबत जेवायला बसतो. ते सोपं नाही. ती ताट घेऊन भिंतीकडे तोंड करते. म्हणते, असे टक लावून पाहू नका, घास उतरत नाही. म्हणून मी माझ्या ताटात पाहतो आणि कानाला नीट ऐकू येत नसूनही ती चावते की नाही ते ऐकत बसतो. ती जरा थांबली की माझा घास तोंडातच राहतो.

काल मी तिला विचारलं, भूक लागली काय. लग्नाला चव्वेचाळीस वर्षं झाली, हे कधी विचारलं नव्हतं. ती भाताचं भांडं घेऊन वाढायला उभी होती. म्हणाली की भूक तर रोवण्याच्या दिवसांपासून लागूनच राहते, ती सांगायची असते हे तिला ठाऊक नव्हतं.

मी तिच्या हातातून भांडं घेतलं. किती वाढू, हेही मला तिलाच विचारावं लागलं.

लोभ असू दे, आम्हा दोघांवरही.
तुझा दादा,
केवळराम