पान अकरावरची लाल फळं

शनिवार, ९ तारीख
दुपार, घरून

प्रिय बारके,

तुम्ही दोघी बऱ्या असाल असं धरून चालते. मावशीचा गुडघा कसा आहे? तिला सारखा जिना चढू देऊ नकोस. ती ऐकणार नाही, तरी सांगत राहा. माझी तब्येत ठीक आहे. घसा बसलाय, पण बोलून बसलेला नाही. आठ दिवसांत मी फारशी बोललेलीच नाही. हे वाचून हसू आलं तर खुशाल हस. आपले बाबा म्हणायचे, हिला झोपेतसुद्धा टाळ्या ऐकू येत असतील.

आपल्या पुस्तकाचं काय झालं ते तुला लोकांकडून कळलंय. प्रकाशक तुला फोनवर काय म्हणाले, तेही मावशीने मला सांगितलं. पण त्या दिवशी सभागृहात नेमकं काय घडलं ते तुला कुणी नीट सांगितलं नसेल. ते मीच सांगायला हवं.

मागच्या शुक्रवारी एका शाळेत पालकांसमोर माझं भाषण होतं. विषय नेहमीचाच. मुलांना बाहेर सोडा. मुलं काचेची नसतात. आपण त्यांना चार भिंतींत कोंडतो, आणि ती भित्री निघाली की कुठल्या डॉक्टरला दाखवावं म्हणून विचारत फिरतो. मी रंगात आले होते. शेवटी पुस्तकातल्या पहिल्या दोन ओळी म्हटल्या,

चला चला बाहेर, ऊन आलंय दारात,
मातीमध्ये पाय बुडवू, पानं घालू केसांत.

दोनशे मोठी माणसं माझ्यामागून त्या ओळी म्हणाली. ऑफिसातून थेट आलेले, मांडीवर बॅगा घेऊन बसलेले लोक. मला वाटलं, जिंकलं.

टाळ्या चालू असतानाच एक बाई मधल्या वाटेने पुढे आली. बेकरीत काम करते, हे मागाहून कळलं. अंगावर दोन दिवसांचे कपडे, हातात आपलं पुस्तक. तिने माझ्यासमोरच्या टेबलावर पान अकरा उघडलं आणि ओढणीच्या टोकाची गाठ सोडून चार लाल फळं त्या चित्रावर ठेवली.

बारके, कुठलं फळ खरं आणि कुठलं तू काढलेलं, ते मला क्षणभर कळेना. तोच रंग, तीच चकाकी, देठापाशी तोच काळा ठिपका.

"ही तीच ना?" तिने विचारलं. आवाज अगदी साधा होता. "माझ्या मुलीने बरोबर ओळखली. चार वर्षांची आहे. अजून तिला डावा बूट कुठला ते कळत नाही, पण हे झुडूप कळलं. मैदानाच्या कुंपणाशी आहे. पाच-सहा खाल्ली. उरलेली खिशात भरली, माझ्यासाठी."

मुलगी दोन दिवस हॉस्पिटलमध्ये होती. पहिली रात्र फार वाईट गेली. खिशात फळं सापडली म्हणून डॉक्टरांना काय खाल्लंय ते समजलं. मी हे ऐकत होते आणि माझ्या हातातला माइक चालू होता. सभागृहात माझा श्वास ऐकू येत होता. तीस वर्षं व्यासपीठावर काढली, भर सभेत लोकांनी शिव्या घातल्या तरी कधी शब्द अडला नाही. त्या चार फळांसमोर मी माइक नुसताच या हातातून त्या हातात घेतला.

मग मी एक वाक्य बोलले. ते पुढे लिहिते.

आधी त्या ओळींबद्दल. तुला मी पहिल्यांदा दिल्या त्या अशा होत्या,

ओंजळ भरून लाल फळं दगडांवर मांडू,
दुकान दुकान खेळताना थोडं थोडं भांडू.

त्या वाचून तू खोखो हसली होतीस, आणि तुझ्या घरामागचं ते झुडूप समोर ठेवून चित्र काढलंस. पुढे शाळांसाठी पुस्तकं निवडणाऱ्या समितीतल्या एका बाईंनी मला चहाला बोलावलं. म्हणाल्या, "सगळं छान आहे हो, पण मुलांच्या पुस्तकात भांडण कशाला?" लेखकाने कुणापुढे मान तुकवू नये, हे मी किती जणांना शिकवलं असेल. माझी मान कप रिकामा व्हायच्या आत तुकली. तिथेच, त्यांच्या टेबलावर, मी ओळी बदलल्या,

ओंजळ भरून लाल फळं झाडाखाली खाऊ,
उरलेली खिशात भरून आईसाठी नेऊ.

बाई म्हणाल्या, "किती गोड." मलाही गोडच वाटल्या. भांडण गेलं आणि विष आलं, आणि आम्ही दोघींनी एकमेकींचं कौतुक केलं.

प्रकाशकांनी प्रूफ, म्हणजे छापायच्या आधीची प्रत, तुझ्याकडे पाठवलं. तू ते तपासून माझ्याकडे दिलंस. सगळ्या दुरुस्त्या एका प्रतीवर उतरवून प्रकाशकांकडे पोचवायचं काम माझं होतं. तू पान अकराच्या कडेला पेन्सिलीने लिहिलं होतंस,

"ताई, हे फळ विषारी असतं. दुकान मांडायला चाललं असतं म्हणून काढलं. 'खाऊ' ठेवायचं असेल तर मी चित्र बदलते, दोन दिवस दे. नाहीतर भांडणच राहू दे. मुलं भांडतातच."

ते कुठे हरवलं नाही. मी वाचलं. दोनदा वाचलं. आभाळाचा निळा थोडा फिका करा, पान चारवरच्या कुत्र्याला शेपूट राहिली, हे सगळं मी नीट उतरवलं. हे एवढंच उतरवलं नाही.

का, ते सांगते, आणि ते सांगायची लाज वाटते. मावशीकडे सगळे जेवायला जमलो होतो तेव्हा तू मला म्हणालीस, "ताई, तू झाडांवर दोन-दोन तास बोलतेस, पण स्वतःच्या दारातलं झाड तुला ओळखता येत नाही." सगळे हसले. मीही हसले, आणि घरी येईपर्यंत धुमसत राहिले. तेव्हापासून आपलं बोलणं जवळजवळ बंदच आहे. तुझी पेन्सिल वाचताना मला तोच टोमणा ऐकू आला. वाटलं, पुन्हा मला शिकवते आहे. दोन दिवस दिले असते तर प्रकाशनाचा समारंभ पुढे गेला असता, आणि भाषण माझं तयार होतं. मी प्रूफ घडी करून खणात टाकलं. एका मुलीच्या पोटापेक्षा माझं भाषण मोठं होतं असं मला तेव्हा वाटलं नव्हतं. तेव्हा मुलीचा विचारच आला नव्हता.

आता ते वाक्य. त्या आईने विचारलं, "ही तीच ना?" आणि मी, माइक चालू असताना, दोनशे लोकांसमोर म्हणाले, "चित्रं मी काढलेली नाहीत."

एवढंच. खोटं एक अक्षर नाही त्यात. पुढचं सगळं लोकांनी केलं. प्रकाशकांनी तुझं पुढचं पुस्तक काढून घेतलं, तुझ्या चित्रकलेच्या वर्गातली मुलं गळाली, त्या आईने तुला फोन करून नाही नाही ते ऐकवलं. मावशी म्हणाली, तू रंगांचं कपाट बंद करून ठेवलंस आणि कुणाला काही बोलली नाहीस. त्या चिठ्ठीचंही नाही. कडेला काय लिहिलं होतंस, हे तू एकदा जरी तोंडातून काढलं असतंस तरी मी सुटले असते. तू काढलं नाहीस, आणि मी आठ दिवस तुझ्या गप्प राहण्यात लपून बसले.

आज सकाळी खण उघडला. प्रूफ घेऊन आधी प्रकाशकांकडे गेले. त्यांनी वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. "बाई, हे तुम्ही दाबून ठेवलंत?" हो म्हटलं. तिथून त्या आईच्या घरी. हे पत्र मी मुद्दाम त्यानंतर लिहिते आहे. आधी लिहिलं असतं तर पत्रावरच खूश होऊन घरी बसले असते. मी मला ओळखते.

आईने दारातच वाचलं. "म्हणजे त्यांनी सांगितलं होतं."

"हो."

"आणि तुम्ही वाचलं होतं."

"हो."

"मग मी त्यांना जे बोलले, ते आता कसं परत घेऊ?"

तेवढ्यात मुलगी आली. बारीक झालेली, मनगटावर सुईचा डाग. तिने माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं आणि पाहुण्यांसमोर म्हणतात तसं दोन्ही हात मागे बांधून म्हणायला लागली, "ओंजळ भरून लाल फळं झाडाखाली खाऊ." पूर्ण म्हटलं. एकही शब्द चुकली नाही. आईने तिला जवळ ओढलं.

बारके, प्रती परत मागवता येतात. हे कसं परत मागवू? किती घरांत, किती तोंडांत गेलं असेल? यमक मी इतकं पक्कं बसवलंय की विष पोटातून निघालं, ओळ निघाली नाही.

मी तिथेच फरशीवर बसले आणि तिला तुझी आवडती, भांडणाची ओळ शिकवली. "भांडू" म्हणताना ती हसली. तीनदा म्हणून घेतलं. चौथ्यांदा तिने पुन्हा "खाऊ" म्हटलं, आणि आई आत निघून गेली.

मुलांनी बाहेर खेळावं, हे मला आजही पटतं. त्यासाठी मी पुन्हाही भांडेन. पण बाहेर काय उगवतं ते ज्यांना माहीत असतं, त्यांचं ऐकायचं असतं, हे मी कुठल्याच भाषणात म्हटलं नव्हतं.

सोमवारी त्याच सभागृहात पालकांना पुन्हा बोलावलंय. मी भाषण करणार नाही. तुझी चिठ्ठी जशीच्या तशी वाचणार, ती मला केव्हा मिळाली ते सांगणार, आणि जुन्या ओळी सगळ्यांकडून पाठ करून घेणार. त्यानंतर कुणी काही विचारलं तर उत्तर देईन. प्रकाशक तुला पत्र पाठवतील. त्या आईला तुझ्याशी बोलायचंय, पण तू हो म्हटल्याशिवाय तिने फोन करू नये असं मी तिला सांगितलंय.

तू सभेला येऊ नकोस. तुला मी ओळखते, लोक माझ्यावर तुटून पडले तर तू उठून मला सावरायला उभी राहशील. या वेळी मला कुणी सावरायचं नाही, आणि तू तर नाहीच.

मावशीला हे पत्र वाचून दाखव. सगळं दाखव, मधलं गाळू नकोस.

वाचलं होतं आणि गप्प बसली,
ती तुझी ताई