व्याह्यांचे सात बाप

३ सप्टेंबर, सकाळ
आजपासून ही वही. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंचा हुकूम. काल त्यांनी पाच शब्द सांगितले आणि दहा मिनिटांनी परत विचारले. मी तीन सांगितले. उरलेले दोन लक्षात ठेवण्याच्या लायकीचे नव्हते. काराकोलच्या शाळेत एकतीस वर्षं भूगोल शिकवलेला माणूस मी. जगातल्या राजधान्या झोपेतही सांगतो.

वर एक कागदही दिला. रोज अर्धा तास चाला, झोप पुरी घ्या, चरबी कमी खा, माणसांत मिसळा, नवीन काही शिका, कान तपासून घ्या. अनारकानने, म्हणजे बायकोने, तो फ्रिजला चिकटवला. बिचारीला गरज आहे. काल माझा चष्मा शोधायला तिला अर्धा तास लागला. माझ्या कपाळावरच होता.

४ सप्टेंबर
चालायला निघालो. बुद्धिबळवाल्यांच्या बाकापर्यंत गेलो. (आमच्या फाटकातून दिसतो.) तीन तास बसलो. एकूण वेळ अर्ध्या तासाच्या सहापट. म्हणजे सहा दिवसांचं चालणं झालं.

९ सप्टेंबर
नातीचं जमलं! मुलगा बार्स्कोन गावचा. बेगिमाय नुसती हवेत आहे. पाच ऑक्टोबरला व्याह्यांकडे जायचं. तिथे दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांनी आपापले सात बाप, म्हणजे बापापासून वरच्या सात पिढ्यांची नावं, म्हणायचे. सातांत एक जरी सामाईक निघाला, तर लग्न मोडलं. आमच्याकडून अर्थात मी म्हणणार.

धाकटा भाऊ एसेनबेक म्हणाला, ‘‘दादा, या वेळी मी म्हणू का? तुला कशाला त्रास?’’ त्रास म्हणे. बेगिमाय माझ्याकडे बघत राहिली. ते मात्र लागलं.
एसेनबेकशी बोलणं बंद. माणसांत मिसळणं पुढच्या आठवड्यापासून.

१४ सप्टेंबर
नवीन काय शिकावं? अनारकान म्हणते, कोमुज वाजवायला शिका. ती दर गुरुवारी शेजारणींबरोबर ते तंतुवाद्य घेऊन बसते. या वयात हे काय खूळ, असं मी तिला म्हणालो.

माझी योजना जास्त कामाची. व्याही मामबेताली यांचे सात बाप पाठ करायचे. आपले तर येतातच. भर बैठकीत त्यांचेही म्हणून दाखवले की एसेनबेक गार. बेगिमायकडून यादी मागवली.

२१ सप्टेंबर
व्याह्यांचे सातही पाठ. उलटे, सुलटे, कसेही विचारा. गंमत म्हणजे त्यांचा चौथा सारिबाय आणि आमचाही चौथा सारिबाय. (माणसं वेगळी. त्यांचा तलासकडचा.) लक्षात ठेवायला किती सोपं. म्हातारी म्हणाली, एकदा आपलेही म्हणून बघा ना. घरच्या नावांची कसली आलीय उजळणी!
मेंढीच्या शेपटीची चरबी आजपासून बंद. दुपारी खाल्ली ती कालची उरलेली होती.

२९ सप्टेंबर
कान तपासायला गेलो नाही. मला उत्तम ऐकू येतं. हल्ली लोकच हळू बोलतात.

६ ऑक्टोबर
कालची हकिकत. मानाचं मेंढीचं डोकं माझ्यापुढे ठेवलं. मामबेतालींनी आपले सात म्हटले. ठीक म्हटले. मग मी. डोळे मिटले आणि सुरू केलं. बाप असानबाय, आजा चोको, पणजा जानिबेक, चौथा सारिबाय. तिथून गाडी अशी सुसाट सुटली की बोस्तोन, कादिर, तोल्बाय एका दमात. डोळे उघडले.

मामबेताली म्हणाले, ‘‘मास्तर, हे तर आमचे.’’

चार बाप सामाईक. म्हणजे पोरं भाऊबहीण. मुलाच्या आईने हातातली कपबशी खाली ठेवली. बेगिमायचा चेहरा पांढराफटक पडला. एसेनबेक सावरायला उठला, आमचे म्हणत गेला आणि सहाव्यावर अडला. मला तर पाचवाही आठवेना. खरंच आठवेना.

मग बायका बसल्या होत्या तिकडून अनारकान बोलली. ‘‘आमचा सारिबाय वेगळा. त्याचा बाप कुल्ताय, त्याचा एशिम, त्याचा बायसाल. एशिम लंगडा होता. तुप गावाच्या वाटेवर त्याची कबर आहे, कुणीही जाऊन बघा.’’

आमच्यात सुनेने सासरच्या थोरांची नावं घ्यायची नसतात. एक्कावन्न वर्षांत तिने एकही घेतलं नव्हतं. कुठली नावं घ्यायची नाहीत हे कळावं, म्हणून लग्नाच्या पहिल्याच वर्षी सासऱ्यांनी तिच्याकडून सातही मनातल्या मनात घोकून घेतली होती.

मामबेतालींनी सुस्कारा सोडला. लग्न पक्कं झालं. मग त्यांनी मेंढीचं डोकं माझ्याकडे आणखी जवळ सरकवलं. म्हणाले, ‘‘मास्तर, मेंदू मात्र कुणाला वाटू नका. सगळा तुम्हीच खा.’’
सगळे हसले. बेगिमाय रडता रडता हसली.
नोंद : चूक मी मुद्दाम केली. व्याह्यांचं लक्ष आहे की नाही, ते बघायला.

७ ऑक्टोबर
कालची शेवटची ओळ खोटी आहे. मी घाबरलो होतो. अजून घाबरलेलोच आहे. पोरीचं लग्न माझ्या तोंडून मोडत होतं.

अनारकानला म्हणालो, उद्यापासून नक्की चालायला जाणार, अगदी खरं. ती म्हणाली, मग माझ्याबरोबरच चला. सहाला निघते मी, तळ्यापर्यंत जाऊन येते. मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, तीन वर्षं झाली.
तीन वर्षं! मला वाटायचं, ती दूध आणायला जाते.
आमची गाय अंगणातच बांधलेली असते.