माझ्या छपराखालची धार

विसरवाडी,
१२ मार्च १९५८

प्रिय वीरसिंग,

हे चौथं पत्र. आधीची तीन चुलीत गेली. हात भज्यांच्या पिठात असले तरी कान सडकेवर असतात. धुळ्याची मोटार थांबली की कढई तशीच सोडून दारात येतो. उतरणारा तू असावास असंही वाटतं आणि नसावास असंही.

शाळेत कुणाचंही भांडण असलं की पंच मीच व्हायचो, आठवतं? ती खोड अजून गेलेली नाही. तुझ्या बेबीच्या सोयरिकीला दोन्हीकडची माणसं माझ्या हॉटेलात जमली, कारण तुला डोंगरातून आणि त्यांना नवापूरहून तेच सोयीचं. मोहाच्या दारूची धार जमिनीवर टाकून पूर्वजांना दिल्याशिवाय तुमच्यात शब्द पक्का होत नाही. तू बाटली घेऊन लांब नदीकडे निघाला होतास. मीच तुझा हात धरला. भिंतीवरचा परवाना दाखवून अक्कल पाजळली, की दारूबंदी विकणाऱ्याला, आपण तर नुसतं जेवण वाढतो, खुशाल इथेच टाक.

पहिली धार पडली आणि पोलीस दारात. जागा कुणाची, असं त्यांनी विचारलं. तू म्हणालास, शेठला काही ठाऊक नव्हतं. जन्मात पहिल्यांदा तू मला शेठ म्हणालास. आणि मी, भित्रा, मान डोलावली. ते तुला धुळ्याच्या तुरुंगात घेऊन गेले.

परवा नवापूरला सुकलाल वकिलांकडून कायदा वाचून घेतला. जेवणाचा परवाना जेवणापुरताच. छपराखाली दारू आणू देणारा मालकही गुन्हेगार, मग तो विको वा न विको. घरी येऊन कढई चढवली, तर आमची रंजना म्हणाली, “वीरसिंगभाऊ तुरुंगमा शे, नि तुम्ही भजी तळी ऱ्हायनात?” मी कढई उतरवली. बेबीची सोयरीकही अडलीय. पाहुणे म्हणतात, बाप सुटून आल्यावर बघू.

सोमवारी तुझी तारीख. मी धीर द्यायला लिहितोय असं तुला वाटेल. तसं नाही. त्या दिवशी मी कोर्टात उभा राहून खरं सांगणार आहे. हॉटेल बंद होईल, कदाचित मलाही आत टाकतील. भीती वाटते, खोटं कशाला बोलू? पण जास्त भीती तुझी वाटते. मला वाचवायला तू पुन्हा खोटं बोलशील. म्हणून हे पत्र आधी पाठवतोय. सोमवारी तू गप्प राहा, वीरसिंग. एकदा तरी मला तुझ्याआधी बोलू दे.

तुझाच, अजून बाहेर असलेला,
लोटन